एकाच माणसाची दोन वेळापत्रकं

(दृश्य: रात्रीचं टेबल. घरचा डेस्कटॉप, शेजारी प्रवासातून आलेला लॅपटॉप.)

१९८४ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये संगणकशास्त्र शिकवणारे डिक ग्रून आणि त्यांचे दोन विद्यार्थी मिळून सी भाषेचा कंपायलर (त्या भाषेतला प्रोग्राम संगणकाच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर) लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेचा नेम नाही आणि सरांना सवड फक्त संध्याकाळी. एकाचं काम दुसऱ्यानं पुसू नये म्हणून ग्रून यांनी काही स्क्रिप्ट, म्हणजे छोट्या आज्ञावल्या, लिहिल्या. १९८६ मध्ये त्या सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. तेच सीव्हीएस, फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर.

माझ्याकडे विद्यार्थी नाहीत, दोन संगणक आहेत. पण रेल्वेत लॅपटॉपवर लिहिणारा मी आणि रात्री डेस्कटॉपवर बसणारा मी, या दोघांची गाठ पडत नाही.

(दृश्य: पडद्यावर पाककृतींची साधी टेक्स्ट फाइल.)

आई फोनवर सांगायची, मी टिपून घ्यायचो. एका रविवारी पेन ड्राइव्हमधली जुनी फाइल नव्या फाइलवर बसवली. रिप्लेस करू का, असं संगणकानं विचारलं होतं. मी हो म्हटलं. तीन महिन्यांच्या टिपणांवर पाणी पडलं.

मग मी गिटकडे वळलो. तेही सीव्हीएससारखं बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, लिहिलं. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की प्रत्येक संगणकावर नुसती फाइल नसते, तिचा सगळा इतिहास असतो. गाडीत नेट नसतानाही कमिट करता येतं, म्हणजे बदलाची नोंद करता येते. घरी आल्यावर पुश, म्हणजे नोंदी सामायिक प्रतीकडे धाडायच्या; दुसऱ्या संगणकावर बसताना आधी पुल, म्हणजे त्या तिथून ओढून घ्यायच्या. पासवर्ड मात्र त्यात कधीच ठेवू नयेत. फाइल पुसली तरी इतिहासात ते राहतात.

(दृश्य: टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. फाइलच्या नावाच्या जागी आकडे.)

‘आई’ नावाची फाइल गिटनं मला पहिल्यांदा अशी दाखवली: ३४०, २४४, २०६... नुसत्या ‘आ’चे हे तीन आकडे. फाइल बिघडली असं वाटून मी घाबरलो होतो. बिघडलेलं काहीच नसतं. ‘कोअर.कोटपाथ’ ही गिटची सेटिंग बंद केली, की देवनागरी नाव जसंच्या तसं दिसतं. मराठीत फाइलींना नावं देणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

आईच्या आवाजातली रेकॉर्डिंग जड. ती थेट गिटमध्ये घातली तर इतिहास फुगत जातो. जोई हेस हे प्रोग्रामर आपलं अख्खं होम फोल्डर, म्हणजे स्वतःच्या सगळ्या फाइलींचं फोल्डर, पूर्वी सीव्हीएसमध्ये ठेवत. त्यांनीच २०१० मध्ये गिट-अ‍ॅनेक्स सुरू केलं. यात गिटमध्ये फक्त नोंद राहते. खुद्द फाइल कुठल्या डिस्कवर आहे हे ते लक्षात ठेवतं. किमान दोन प्रती हव्यात असं सांगून ठेवलं, तर दुसरीकडे तेवढ्या प्रती आहेत याची खातरजमा झाल्याशिवाय ते इथली प्रत काढू देत नाही.

(दृश्य: पुन्हा पाककृतींची फाइल. एकाखाली एक दोन ओळी, मध्ये बरोबरच्या चिन्हांची रांग.)

कधी पुल करायचं राहतं. मग कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे एकाच ओळीतल्या दोन बदलांची टक्कर होते. मोदकाच्या उकडीला, एक वाटी पिठीला, लॅपटॉप म्हणतो एक वाटी पाणी. डेस्कटॉप म्हणतो सव्वा वाटी. दोन्ही मीच लिहिलेलं. गिट कुणाचीच ओळ पुसत नाही, दोन्ही समोर ठेवून थांबतं.

मी आईला फोन लावतो. ती विचारते, “पिठी जुन्या तांदळाची की नव्या?”