गळती कुणाची, बिल कुणाचं?

[दृश्य : सकाळची वेळ. जळगावातलं एक स्वयंपाकघर. ओट्यावर दोन बर्नरची शेगडी, खाली लाल टाकी. मेकॅनिक उकिडवा बसलाय.]

निवेदन :

गॅसचा वास आला. एजन्सीला फोन झाला. मेकॅनिक आला, त्यानं रेग्युलेटर काढला, टाकीच्या तोंडात डोकावून पाहिलं, खिशातून एक काळी रबरी रिंग काढून बसवली, साबणाचा फेस लावून खात्री केली आणि उठता उठता म्हणाला, "झालं वहिनी. अडीचशे द्या."

द्यायचे का?

पुष्कळ घरांत हा प्रश्न कुणी विचारतच नाही. वास थांबला यातच जीव भांड्यात पडलेला असतो, घासाघीस करायला कुणाला सुचतं? काही घरांत याच्या उलट घडतं. मेकॅनिक किती मागेल या धास्तीनं फोनच केला जात नाही. नळीला चिकटपट्टी गुंडाळायची, रात्री रेग्युलेटर बंद करून झोपायचं आणि पुढच्या टाकीपर्यंत दिवस काढायचे. हे दुसरं जास्त वाईट. आणि गंमत म्हणजे, जिथं लोक पैशांना घाबरून थांबतात, तिथलं काम बऱ्याचदा फुकटचं असतं.

[दृश्य : टाकीपासून शेगडीपर्यंत कॅमेरा हळूहळू सरकतो.]

कनेक्शन घेताना आपण पैसे भरतो, म्हणून टाकी आपली असं आपण धरून चालतो. पण ती रक्कम असते अनामत. जून 2022 पासून नव्या कनेक्शनला 14.2 किलोच्या टाकीसाठी 2200 रुपये आणि रेग्युलेटरसाठी 250 रुपये अनामत घेतली जाते. टाकी आणि रेग्युलेटर, दोन्हींची मालकी तेल कंपनीकडेच राहते. आपण ते वापरायला घेतलेले असतात आणि कनेक्शन परत केलं की भरलेली अनामत परत मिळते. नळी आणि शेगडी मात्र आपली. विकत घेतलेली, आपल्या मालकीची.

सगळा हिशेब इथंच फुटतो. रेग्युलेटरला जिथं नळी बसते, तिथं कंपनीची हद्द संपते.

आता त्या अडीचशेंचं बघू. टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची एक गोल रिंग असते, ओ-रिंग. बोलण्यात तिला सगळे वायसरच म्हणतात. ती झिजली, चिरली किंवा जागेवरून सरकली की रेग्युलेटर नीट लागूनही कडेनं गॅस सुटतो. ही रिंग टाकीचा भाग, म्हणजे कंपनीची. ती बदलायचे पैसे लागत नाहीत. मेकॅनिकनं मागितले तर पावती मागावी. पावतीचं नाव काढलं की आकडा कसा खाली येतो, ते पाहण्यासारखं असतं.

खरं तर ही रिंग मेकॅनिकपर्यंत जायलाच नको. टाकी घरात आणणाऱ्या माणसानं सील आपल्यासमोर तोडायचं, वजन दाखवायचं आणि व्हॉल्व्ह गळत नाही ना हे तपासून द्यायचं, असा नियम आहे. पावतीवरच्या किमतीत घरपोच सेवा धरलेली असते. पण तिसऱ्या मजल्यावर टाकी चढवून घामाघूम झालेल्या भाऊला आपण पाण्याचा ग्लास देतो, वर दहा-वीस रुपये देतो आणि "तपासून द्या" एवढं मात्र म्हणत नाही. पाणी जरूर द्यावं. तपासणीही मागावी. भरलेली टाकी गळकी निघाली तर ती बदलून मिळते. त्यासाठी नव्या टाकीचे पैसे भरायचे नसतात.

[दृश्य : टाकीच्या मानेजवळची पट्टी. आतल्या बाजूला अक्षर आणि आकडा.]

टाकी घेताना इथंही एक नजर टाकावी. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी आणि डी त्याच क्रमानं पुढचे. सोबतचा आकडा वर्षाचा. त्या मुदतीपर्यंत टाकीची पुढची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत करता येते.

रेग्युलेटरचं गणित थोडं वाकडं आहे. वापरता वापरता तो आपोआप बिघडला, गळायला लागला, तर एजन्सीनं तो विनाशुल्क बदलून द्यायचा. हातातून पडून फुटला, हरवला, चोरीला गेला, तर पैसे आपले. वाद होतात ते मधल्या जागेवर. बटण तुटलं की एजन्सी म्हणते तुम्ही तोडलं, घरची बाई म्हणते आपोआप तुटलं. अशा वेळी कनेक्शन घेताना मिळालेलं व्हाउचर आणि गॅसच्या नोंदींचं ते निळं पुस्तक जवळ असलं तर बोलणं सोपं जातं. बाजारात सुटा मिळणारा रेग्युलेटर आणून लावणं हा काही यावरचा उपाय नाही. तो कंपनीच्या नोंदीत नसतो, आणि पुढं काही झालं तर पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.

[दृश्य : अंगण. मोठं पातेलं, कुरडयांचा चीक शिजतोय. शेगडी जमिनीवर.]

नळीपाशी मात्र खान्देशातल्या उन्हाळ्याबद्दल बोलावं लागेल. फाल्गुन-चैत्रात बिबडे, कुरडया, पापडांचा हंगाम सुरू झाला की शेगडी ओट्यावरून अंगणात येते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांड्यांसाठी मातीचं खापर चढतं, तेही कित्येक घरांत आता गॅसवर. टाकी सावलीला भिंतीशी, शेगडी मोकळ्या जागेत. अंतर वाढतं, म्हणून नळी ताणली जाते, नाही तर दोन तुकडे जोडून लांब केली जाते. हा जोड फार वाईट. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि मध्ये जोड तर अजिबात नको. त्यात भुसावळ-जळगावचं ऊन. टाकी तापली की आतला दाब वाढतो, आणि रबर उन्हानं कडक होऊन भेगाळतं.

या नळीचा खर्च आपला. आतून तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांत बदलायची असते. तारीख नळीवरच छापलेली असते. अलीकडे कंपन्यांनी घरोघरी मोफत तपासणीची मोहीम काढली, तेव्हा अशा नळ्या सवलतीतही दिल्या. पाच वर्षांतून एकदा होणाऱ्या तपासणीचं वेगळं शुल्क नाही; त्यात काही सुटा भाग बदलला तर त्याची किंमत द्यावी लागते.

शेगडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नॉब, कॉक, बर्नर, ग्रीस, सगळं आपल्या खिशातून. एवढंच लक्षात ठेवावं की शेगडी एजन्सीकडूनच घ्या अशी सक्ती कुणालाही करता येत नाही. आयएसआय खूण असलेली कुठलीही चालते.

[दृश्य : नंदुरबार जिल्हा. सातपुड्याचा रस्ता, पाड्यावरची घरं.]

धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर हाच हिशेब वेगळा दिसतो. 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. टाकी आणि रेग्युलेटरची अनामत, पहिली नळी, जोडणीचा खर्च, हे सगळं सरकारनं भरलं. पण पहिली नळी म्हणजे पहिलीच. पाच वर्षांनी ती भेगाळली की दुसरी कुणी आणायची? ज्या बाईच्या नावावर कनेक्शन आहे, तिनंच. एजन्सी दूर, उतरायला अर्धा दिवस, मजुरी बुडते ती वेगळी. आमच्या मते या योजनेतली खरी फट इथं आहे. टाकीवर अनुदान मिळतं, आणि ज्या रबरातून जीव जाऊ शकतो त्याचा खर्च सर्वात गरीब घरावर सोडून दिलाय.

[दृश्य : धुळे. कॉलेजच्या पोरांची भाड्याची खोली.]

भाडेकरूंचं काय? घरमालकानं स्वतःची टाकी आणि शेगडी वापरायला दिली असेल, तर एजन्सी फक्त कागदावरचं नाव ओळखते. नळीचे पैसे मालकानं द्यायचे की पोरांनी, हे त्यांनी आपसात ठरवायचं. भाडेकरारात एक ओळ लिहिली तर बरं. मालकानं भिंतीतून तांब्याची पाइपलाइन नेली असेल तर ती घराचा भाग धरावी, आणि घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. जिथं नळाचा गॅस आलाय तिथं साधारण रीत अशी, की मीटरपर्यंतची लाइन कंपनीकडे आणि मीटरच्या पुढचं घराकडे.

[दृश्य : रात्र. खिडक्या उघडल्या जातात. बाहेरून आवाज : "गॅसना वास ई ऱ्हायना व माय!"]

हा सगळा हिशेब वास थांबल्यावरचा. वास येत असताना पैशांचा विचार करत बसू नये. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो जमिनीलगत, कोपऱ्यात, ओट्याखाली साचतो. त्याला स्वतःला वास जवळजवळ नसतो; गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस झाला तरी ठिणगीनं भडका उडू शकतो. म्हणून दिव्याचं बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून काढावा, दोऱ्याला लटकणारं टोपण टाकीवर घट्ट बसवावं (पहिल्याच दिवशी दोरा तोडून ते फेकून देण्याची हौस कुठून आली कोण जाणे), दारं-खिडक्या उघडाव्यात, बाहेर येऊन 1906 लावावा. हा गॅसगळतीचा नंबर चोवीस तास चालू असतो.

आणि दुर्घटना झालीच तर? तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो. हप्ता कंपनी भरते. गॅसमुळे लागलेल्या आगीत मृत्यू झाल्यास माणशी 6 लाख रुपये, उपचारांसाठी माणशी 2 लाखांपर्यंत आणि एका दुर्घटनेला मिळून 30 लाखांपर्यंत, नोंदणीच्या पत्त्यावरच्या घराचं नुकसान झालं तर 2 लाखांपर्यंत. त्यासाठी लगेच एजन्सीला लेखी कळवायचं. विमा कंपनीशी पुढचा व्यवहार त्यांच्यामार्फत होतो. यातले 'नोंदणीच्या पत्त्यावरच्या' हे शब्द पुन्हा वाचावेत. लग्नात आचाऱ्याच्या भट्टीला लावलेली शेजारच्याची घरगुती टाकी, ढाब्यावर शेवभाजीखाली जळणारी घरगुती टाकी, या ठिकाणी नुकसानभरपाई मागायला गेलं तर उलट आपल्यावरच कारवाई व्हायची.

[दृश्य : पावतीपुस्तक. मेकॅनिक लिहितोय.]

पैसे देण्याआधी मेकॅनिकला एकच विचारावं : गळत कुठं होतं? टाकी किंवा रेग्युलेटर म्हणाला तर कशाचे पैसे, हे त्यानं लिहून द्यावं. नळी किंवा शेगडी म्हणाला तर जुना भाग दाखवावा, नव्याची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहावी. एजन्सी दाद देत नसेल तर तेल कंपनीकडे तक्रार करावी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी तो आहे. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करायची आणि सोबत ती पावती जोडायची.