वाटाणे टिपणारं कबूतर

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे भाषणात, लग्नाच्या बोलण्यांत, अगदी सोसायटीच्या सभेतसुद्धा एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पर्वत महंमदाकडे येत नसेल, तर महंमदानं पर्वताकडे जावं." मीही लहानपणापासून ऐकलंय, आणि कितीतरी वर्षं समजत होते की ही मुसलमानांच्या परंपरेतली गोष्ट असणार. तशी ती नाही. कुराणात नाही, हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहांतही नाही. आपल्यापर्यंत ती आली इंग्रजीतून. फ्रान्सिस बेकन या इंग्रज लेखकानं १६२५ साली छापलेल्या एका निबंधात ती सांगितली. निबंधाचा विषय होता धिटाई. धिटाई म्हणजे कसली, तर लोकांना फसवून वर तोंड करून बोलण्याची. बाजारात औषधं विकणाऱ्या भोंदूंच्या पंगतीला बसवून त्यानं ही गोष्ट सांगितली आहे. आणि आपण ती नम्रतेची, समजूतदारपणाची गोष्ट म्हणून सांगतो! गोष्ट आपण घेतली, पण तिच्या पोटात काय होतं ते कुणी पाहिलंच नाही.

आज याच्याबद्दलच बोलायचं आहे. जुन्या युरोपी लिखाणात इस्लामला आणि त्याच्या पैगंबरांना काय काय म्हटलं जायचं, आणि ते का.

पहिली गोष्ट, नावांची. जवळजवळ हजार वर्षं युरोपातल्या लेखकांनी 'इस्लाम' हा शब्द वापरलाच नाही म्हणा ना. 'मुसलमान'सुद्धा फार उशिरा आला. मग म्हणायचे काय? सॅरासन म्हणायचे. हॅगरीन म्हणायचे, म्हणजे हॅगरची, आपण जिला हाजरा म्हणतो तिची, अब्राहमच्या त्या दासीची लेकरं. स्पेन-पोर्तुगालकडे मूर म्हणायचे. पुढे उस्मानी सुलतानांचा दबदबा वाढला तसं सरसकट तुर्क म्हणायला लागले. इंग्रजीत 'तुर्क होणं' म्हणजेच मुसलमान होणं. यातला एकही शब्द धर्माचं नाव नाही, हे लक्षात घ्या. पुन्हा सांगते, एकही नाही. सगळी नावं जमातीची, वंशाची, मुलखाची. त्या माणसाचा विश्वास कशावर आहे, हे नावात येतच नाही.

पोर्तुगीज हा 'मूर' शब्द गलबतात घालून इकडे घेऊन आले. श्रीलंकेतल्या तमिळ बोलणाऱ्या मुसलमानांना आजही जनगणनेत 'मूर' म्हणतात. मोरोक्को कुठे, कोलंबो कुठे!

आपणही यात मागे नव्हतो, हेही सांगायला हवं. आपल्या जुन्या मराठीत यवन आहे, अविंध आहे, तुरुक आहे. नाथमहाराजांच्या संवादातसुद्धा एका बाजूला हिंदू आणि दुसऱ्या बाजूला तुर्कच आहे. आणि तिकडे अरबांनीही युरोपातल्या झाडून सगळ्यांना 'फ्रँक' ठरवलं. तोच फिरत फिरत आपल्याकडे आला आणि 'फिरंगी' झाला.

आता पैगंबरांच्या नावाचं. महोमेत, माहोम, महाउंड अशी त्याची रूपं झाली. नाव परक्या जिभेवर बदलतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपण तरी अलेक्झांडरचा सिकंदर केलाच की. पण इथे नुसती जीभ वळलेली नाही. अकराव्या-बाराव्या शतकातलं रोलांचं फ्रेंच वीरकाव्य पाहा. त्यात मुसलमान सैनिक तीन मूर्तींची पूजा करतात. एक महोमेत, एक अपोलिन, एक तेर्वागाँ. लढाई हरली की त्याच मूर्ती फोडतात, महोमेतला खंदकात फेकून देतात. ज्या धर्मात मूर्ती मुळीच नाही, त्या धर्माच्या पैगंबरांची यांनी मूर्तीच करून टाकली! इंग्रजीत तर या नावापासून 'मॉमेट' असा शब्द निघाला. त्याचा अर्थ मूर्ती, आणि पुढे बाहुली. शेक्सपिअरच्या नाटकांत तो बाहुलीच्या अर्थानं येतो. तेर्वागाँचं इंग्रजीत 'टर्मगंट' झालं, आणि आज त्याचा अर्थ भांडकुदळ बाई. भांडकुदळ माणसासाठी भाषांना दरवेळी बाईच कशी सापडते, हे मला कधी कळलेलं नाही. असो.

दुसरं उदाहरण पेटीचं. पैगंबरांची शवपेटी लोखंडाची आहे, आणि वर-खाली लोहचुंबक बसवून ती हवेत तरंगत ठेवली आहे, असं युरोपात शतकानुशतकं सांगत होते. तीही मक्केत. पैगंबरांना दफन केलं मदिनेत, म्हणजे गावसुद्धा चुकलेलं. १५०३ साली लुदोविको दि वार्थेमा नावाचा इटालियन माणूस वेष पालटून, दमास्कसहून निघालेल्या हाजींच्या काफिल्याबरोबर मदिनेत पोचला. त्यानं परत येऊन लिहिलं की लोखंडाची पेटी नाही, चुंबक नाही, काही नाही. हाच वार्थेमा पुढे आपल्याकडे आला. चौल, दाभोळ, गोवा, विजापूर पाहून गेला. त्याचं पुस्तक छापलं गेलं १५१० मध्ये, खूप खपलं, आणि तरंगणारी पेटी मात्र त्यानंतरही इंग्रजी बोलण्यात तरंगतच राहिली. अधांतरी लटकलेल्या कशालाही 'महोमेतच्या पेटीसारखं' म्हणायचे.

आता येते माझ्या आवडत्या गोष्टीकडे. खरं सांगायचं तर आजचं सगळं बोलणं या गोष्टीसाठीच आहे.

गोष्ट कबुतराची. युरोपात सांगायचे की पैगंबरांनी एक कबूतर शिकवून ठेवलं होतं. कानात वाटाणे ठेवायचे, कबूतर खांद्यावर येऊन बसायचं, कानातले वाटाणे टिपायचं, आणि हे लोकांना सांगायचे की पाहा, देवदूत माझ्या कानात बोलतोय. शेक्सपिअरच्या सहाव्या हेन्रीवरच्या नाटकात याचा उल्लेख आहे, आणि तोही जाता जाता. म्हणजे लंडनच्या नाटकघरात बसलेल्या साध्या माणसालाही ही गोष्ट ठाऊक होती.

कबूतरच का? चर्चमध्ये पवित्र आत्म्याचं चिन्ह कबूतर. पोप ग्रेगरीच्या जुन्या चित्रांत त्यांच्या कानाशी कबूतर असतं, आणि ते ईश्वरी प्रेरणेचं लक्षण. आपल्या संताच्या कानाशी आलं तर ती प्रेरणा, आणि दुसऱ्याच्या कानाशी आलं तर वाटाणे. शिवाय गोष्ट अगदीच अशक्य नाही. ज्यांनी कबुतरं पाळलीत त्यांना ठाऊक आहे, दाणा दिसला की ते हातावर, खांद्यावर, कुठेही येऊन बसतं. अर्धी गोष्ट शक्य कोटीतली असली की उरलेली अर्धी कुणी तपासत नाही.

तर ही गोष्ट हॉलंडच्या ह्यूगो ग्रोशियसनं आपल्या पुस्तकात घातली. ग्रोशियस म्हणजे ऐरागैरा नव्हे. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात आजही पहिल्या दोन-चार नावांत त्याचं नाव घेतात. राजकारणात सापडला आणि त्याला जन्मठेप झाली. किल्ल्यात कैदेत असताना त्याला वाचायला पुस्तकं मिळायची, मोठ्या पेटाऱ्यातून यायची आणि जायची. १६२१ साली त्याच्या बायकोनं, मारियानं, त्या पेटाऱ्यात पुस्तकांऐवजी नवराच बसवला आणि किल्ल्याबाहेर धाडला! पहारेकऱ्यांनी स्वतः उचलून नेला. आपल्याला मिठाईच्या पेटाऱ्यांची गोष्ट शाळेपासून पाठ आहे, म्हणून ही ऐकताना मला फार जवळची वाटते.

तर कैदेत असताना ग्रोशियसनं एक लांबलचक कविता लिहिली होती, ख्रिस्ती धर्म कसा खरा हे सांगणारी. कुणासाठी? डच खलाशांसाठी. लांबच्या सफरीत त्यांना मुसलमान भेटतील, मूर्तिपूजक भेटतील, त्यांच्याशी वाद कसा करायचा ते खलाशांना कळावं म्हणून. आपल्या वेंगुर्ल्याची डच वखार याच शतकातली, म्हणजे ते खलाशी आपल्या किनाऱ्यावरही उतरत होते. पुढे १६२७ मध्ये याच मजकुराचं लॅटिन पुस्तक झालं. त्यात इस्लामवर एक स्वतंत्र भाग आहे, आणि त्या भागात आहे आपलं कबूतर.

आता दुसरा माणूस, एडवर्ड पोकॉक. इंग्रज, ऑक्सफर्डचा, पंचविशीतला. १६३० साली तो हलबला, म्हणजे सीरियातल्या अलेप्पोला गेला. इंग्रज व्यापाऱ्यांचा पाद्री म्हणून. तिथे त्यानं शेख फतहुल्ला नावाच्या गुरूंकडे अरबी शिकायला सुरुवात केली. १६३४ मध्ये गावात प्लेग आला, व्यापारी डोंगरात निघून गेले, आणि पोकॉक गावातच राहिला. पाच-सहा वर्षं तो मुसलमानांच्या शेजारी राहिला, त्यांच्याकडून शिकला, त्यांच्या पोथ्या वाचल्या. शब्दकोशातून भाषा शिकणं वेगळं आणि गुरूच्या समोर बसून शिकणं वेगळं, असं माझं ठाम मत आहे. आपण मराठीत रशियन, अरबी, फारसी पुस्तकं आणतो ती बहुतेकदा इंग्रजीच्या मागच्या दारानं. त्याबरोबर इंग्रजांचे पूर्वग्रहही घरात येतात. मुळातून अनुवाद करणाऱ्याला दुप्पट मानधन द्यावं, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते.

तर पोकॉक. परत आल्यावर १६३६ मध्ये ऑक्सफर्डचा अरबीचा पहिला प्राध्यापक झाला. मग पुन्हा पूर्वेकडे, इस्तंबूलला. तिथून परतताना पॅरिसला थांबला. ग्रोशियस तेव्हा तिथे स्वीडनचा राजदूत होता. पोकॉकच्या मनात ग्रोशियसच्या पुस्तकाचं अरबी भाषांतर करायचं होतं. तो ग्रोशियसच्या धर्माचाच होता, त्याला ग्रोशियसचा पराभव करायचा नव्हता. पण त्यानं विचारलं, हे कबूतर तुम्हाला मिळालं कुठे? कुठल्या अरबी ग्रंथात आहे? कारण मला एकाही मुसलमान लेखकाकडे ते सापडलेलं नाही.

ग्रोशियसनं कबूल केलं. मुसलमानांच्या ग्रंथात आपण ते वाचलेलं नाही. आपल्याच ख्रिस्ती लेखकांनी सांगितलं, त्यांच्या भरवशावर लिहिलं.

श्रोतेहो, पुन्हा सांगते, कारण हीच जागा मला प्यारी आहे. एवढ्या मोठ्या कायदेपंडिताला, ज्याचं सगळं आयुष्य साक्षी-पुराव्यात गेलं त्याला, एका तरुण माणसानं विचारलं, पुरावा कुठाय? आणि मोठा माणूस म्हणाला, पुरावा नाही. पोकॉकनं १६५० मध्ये आपल्या अरबांच्या इतिहासावरच्या पुस्तकात हे छापलंही. आणि १६६० मध्ये ग्रोशियसच्या पुस्तकाचं त्यानं केलेलं अरबी भाषांतर ऑक्सफर्डला छापून झालं तेव्हा त्यात कबूतर नव्हतं. गाळलं होतं. हलबच्या माणसानं ते वाचलं असतं तर तो हसला असता, आणि बाकीच्या पुस्तकावरचाही त्याचा विश्वास उडाला असता. छपाईचा खर्च केला रॉबर्ट बॉइलनं. वायूचा दाब आणि आकारमान शाळेत शिकलात ना, तोच बॉइल.

पोकॉक पुढे बर्कशरमधल्या एका खेड्याचा पाद्री झाला. कुणीतरी तिथल्या माणसाला विचारलं, तुमचा पाद्री कसा आहे? तो म्हणाला, साधा, सरळ माणूस आहे हो, पण लॅटिन काही येत नाही त्याला! अरबी, हिब्रू, लॅटिन सगळं जाणणारा माणूस गावकऱ्यांशी त्यांच्याच बोलीत बोलायचा.

वेळ थोडा उरलाय, बाकीचं भराभर सांगते. १७३४ मध्ये जॉर्ज सेल या लंडनच्या वकिलानं कुराणाचा थेट अरबीवरून इंग्रजी अनुवाद केला. तोवर इंग्रजीत जो होता तो फ्रेंचवरून केलेला होता. १८४० च्या मे महिन्यात थॉमस कार्लाइल या स्कॉटिश लेखकानं लंडनमध्ये व्याख्यान दिलं, विषय पैगंबर. त्यानं पोकॉक-ग्रोशियसची हीच गोष्ट भर सभेत सांगितली आणि म्हणाला, या माणसाभोवती आपण जी खोटी रास रचली आहे, तिची लाज आपल्यालाच वाटायला हवी. कुराण वाचताना मात्र त्याच कार्लाइलला कंटाळा आला, तेही त्यानं लपवलं नाही.

'महोमेडन' हा शब्द मात्र टिकला. ख्रिस्ताचे ते ख्रिस्ती, तसे महंमदाचे ते महोमेडन, असा हिशेब. मुसलमानांचा आक्षेप साधा होता. आम्ही पैगंबरांची उपासना करत नाही, अल्लाची करतो. आणि तरी हा शब्द आपल्या इथे राज्यकर्त्यांच्या इंग्रजीतून इतका मुरला की मुसलमानांनी स्वतःच्या संस्थांनाही तो दिला. अलीगढचं कॉलेज १८७५ मध्ये त्याच नावानं उभं राहिलं. मुंबईच्या मैदानावर १९१२ मध्ये चौरंगी क्रिकेट सुरू झालं तेव्हा चौथा संघ 'महोमेडन्स'. मुंबईचे पारशी कायदेपंडित दिनशा मुल्ला यांच्या मुसलमानी कायद्यावरच्या ग्रंथाच्या नावात तोच शब्द, आणि वकील मंडळी तो ग्रंथ आजही उघडतात.

आणि कबूतर? मुसलमानांच्या परंपरेतही एक कबूतर आहे बरं का. इसवी सन ६२२. पैगंबर मक्का सोडून निघाले, पाठलाग सुरू झाला, आणि ते अबू बक्र यांच्यासह सौर डोंगराच्या गुहेत लपले. सांगतात की गुहेच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं आणि कबुतरांच्या जोडीनं घरटं केलं. पाठलाग करणारे दाराशी आले, अंड्यांवर बसलेलं कबूतर पाहिलं, म्हणाले इथे कुणी शिरलेलं दिसत नाही, आणि तिथूनच मागे फिरले.

नमस्कार.