आपला मॅनेजर आणि शेजारचा मॅनेजर

नमस्कार मंडळी. मागे बसलेल्यांना आवाज येऊन राहिला ना? ठीक. इंग्लंडच्या फुटबॉलचे, म्हणजे प्रीमियर लीगचे, फॅन लोक आपल्या मॅनेजरला, म्हणजे टीमच्या मुख्य कोचला, पास-नापास कसे करतात यावर आज बोलायचं आहे, आणि आर्सेनलवाल्यांचे प्रश्न सगळ्यात शेवटी घेऊ, त्यांना वाट बघायची सवय आहे.

एका प्रेस कॉन्फरन्सपासून सुरू करतो. २७ ऑगस्ट २०१८. ओल्ड ट्रॅफर्डवर टॉटनमनं मँचेस्टर युनायटेडला ३-० हाणलं होतं, घरच्या मैदानावर, आणि युनायटेडचा तेव्हाचा मॅनेजर मोरिन्यो पत्रकारांसमोर येऊन तीन बोटं वर करतो. म्हणे तीन बोटं म्हणजे नुसता आजचा स्कोर नाही, मी एकट्यानं तीन प्रीमियर लीग जिंकल्यात, बाकीच्या १९ मॅनेजरांनी मिळून दोन. मग रिस्पेक्ट, रिस्पेक्ट, रिस्पेक्ट करत उठून चालला गेला. हिशेब बरोबर होता हां. त्याच्या तीन चेल्सीसोबतच्या, दुसरीकडे मँचेस्टर सिटीसोबत ग्वार्डिओलाची एक अन् पेलेग्रिनीची एक. हिशेब बरोबर, तरी डिसेंबरात नारळ दिलाच.

त्यानं तिथं जे केलं तेच आपण इथं रोज करतो. आपल्या नागपुरात, धरमपेठेत, रात्रीची मॅच संपली की चहाच्या टपरीवर उभे राहा अन् फक्त ऐका. युनायटेडवाल्याला मॅनेजर ठेवायचा असला की तो म्हणतो अरे फर्गसनलाही वेळ दिला होता, अन् हटवायचा असला की तोच माणूस म्हणतो बघ लिव्हरपूलच्या स्लॉटनं पहिल्याच वर्षी टायटल आणलं. म्हणजे तुलना करून निकाल लागत नाही बाप्पा, निकाल आधी लागलेला असतो आणि मग त्याला शोभेल असा शेजारी शोधला जातो. दहावीचा निकाल लागला की आई बाजूच्या घरातल्या ९५ टक्केवाल्या पोराचं नाव घेते अन् पोरगा लगेच नापास झालेल्या दोस्ताचं, दोघंही खोटं बोलत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की तुलना करायचीच तर शेजारी आपण का निवडला हे आधी स्वतःला विचारावं, अन् त्या शेजाऱ्याच्या हातात काय होतं तेही बघावं.

आता शेजारी किती घात करतो बघा. २०१८-१९ चा सीझन. क्लॉपच्या लिव्हरपूलचे ९७ पॉइंट, अख्ख्या लीगमध्ये एकच मॅच हरले, अन् तरी दुसरे, कारण सिटीचे ९८. आता १९९६-९७ मध्ये फर्गसनचं युनायटेड किती पॉइंटवर चॅम्पियन झालं होतं? ७५. आर्सेनलच्या वेंगरची ती लीगमध्ये एकही मॅच न हरलेली टीम, २००३-०४ ची, तिचे ९०. आणि स्लॉट चॅम्पियन झाला तो ८४ वर. मग काय, स्लॉट क्लॉपपेक्षा मोठा? क्लॉपचा त्या वर्षीचा गुन्हा एवढाच की समोर ग्वार्डिओला होता.

आणि ती एक हरलेली मॅच कोणती? ३ जानेवारी २०१९, सिटीच्या घरी. स्कोर ०-०. मानेचा शॉट पोस्टला लागून परत आला, सिटीचा स्टोन्स तो क्लिअर करायला गेला तर बॉल त्याच्याच कीपरच्या अंगावर आदळून उलटा गोलकडे निघाला, अन् स्टोन्सनं पळत जाऊन लाइनवरून पाय घालून बाहेर काढला. गोललाइनच्या मशीननं दाखवलं की पूर्ण बॉल आत जायला सव्वा सेंटिमीटरसुद्धा बाकी नव्हतं. पुढे सिटी २-१ नी जिंकली. ही मॅच नुसती ड्रॉ झाली असती तरी लिव्हरपूल ९८, सिटी ९६, टायटल तिकडे. एवढ्याशा जागेवरून आपण क्लॉपच्या नावासमोर लीग एक लिहायची की दोन हे ठरवतो, अन् वर टपरीवर छाती ठोकून म्हणतो की आकडे खोटं बोलत नाहीत.

वेंगरचं प्रकरण मला जास्त लागतं, म्हणून जरा थांबतो. २००६ मध्ये आर्सेनल नव्या स्टेडियमवर गेलं, डोक्यावर कर्ज, मग दरवर्षी एखादा मोठा खेळाडू विकायचा अन् पोरं खेळवायची. २००५ ते २०१४ एकही ट्रॉफी नाही, चौथा नंबर हीच यांची ट्रॉफी म्हणून जगभर थट्टा. २०१२ मध्ये तर व्हॅन पर्सी, स्वतःचाच कॅप्टन, थेट फर्गसनला विकला. त्यानं तिथं लीगमध्ये २६ गोल मारले अन् फर्गसन शेवटचं टायटल घेऊन रिटायर झाला. मग लोक दोघांना शेजारी ठेवून विचारतात, फर्गसनच्या लीग १३ अन् वेंगरच्या तीनच काहून? अरे भाऊ, त्यातल्या एकीचे गोल वेंगरच्याच दुकानातून गेले ना! आणि २०१६ मध्ये लेस्टर जिंकलं तेव्हा दुसरा कोण होता? वेंगरच. सिटी, युनायटेड, चेल्सी सगळे त्या वर्षी ढेपाळलेले, आर्सेनलवाल्यांना वाटलं यंदा नाही तर कधीच नाही, आणि लेस्टरचा मॅनेजर रानिएरी ८१ पॉइंट घेऊन गेला. त्या एका रानिएरीचा दंडुका करून वेंगरला पुढची दोन वर्षं झोडपलं. दंडुक्याचं स्वतःचं काय झालं म्हणाल तर टायटलनंतर वर्ष व्हायच्या आत, फेब्रुवारी २०१७ मध्ये, लेस्टरनं त्यालाच घरी पाठवलं.

वेंगर १९९७ ते २०१६ एकदाही पहिल्या चाराबाहेर गेला नव्हता. तो गेल्यावर आर्सेनल पाचवं, मग आठवं, मग परत आठवं. यातलं पाचवं वेंगरच्या जागी आलेल्या एमरीचं. त्याला लोकांनी इतकं हसण्यावारी नेलं, त्याच्या इंग्रजीची नक्कल सुद्धा केली, नोव्हेंबर २०१९ मध्ये काढला. तो गेला स्पेनच्या व्हियारेआलला, अन् २०२१ च्या युरोपा लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या नंबरच्या स्पर्धेच्या, सेमीफायनलमध्ये त्यानं आर्सेनललाच बाहेर काढलं, पुढे फायनलमध्ये युनायटेडला पेनल्टीवर हरवून कप उचलला. मग खाली लटकलेली अॅस्टन व्हिला घेतली अन् २०२३-२४ मध्ये चौथी आणून ठेवली. माणूस तोच. आर्सेनलमध्ये त्याच्या बाजूला वेंगरचा फोटो होता, व्हिलात तसा फोटो नव्हता.

नागपूरकरांना हे मी समजावून सांगायची गरजच नाही खरं तर. क्रिकेटचे कोच चंद्रकांत पंडित आठवतात ना? मुंबईला २०१५-१६ ची रणजी जिंकून दिली, पुढच्या वर्षी फायनलमध्ये गुजरातकडून हरले, मुंबईनं कोच बदलला. रणजीची फायनल खेळलेला कोच! कारण मुंबईत तुलना तेव्हाच्या ४१ रणजींशी होती, तिथं दुसरा नंबर म्हणजे अपमान. मग ते आपल्याकडे विदर्भात आले, अन् जिथं आधी एकही रणजी नव्हती तिथं लागोपाठ दोन, २०१७-१८ अन् २०१८-१९. समजा आपणही पहिल्या वर्षी फायनल हरलो असतो, तर त्यांना कोणी काढलं असतं का? एअरपोर्टवरून ढोलताशानं आणलं असतं आपण.

पैशाचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळ्यांना माहिती असून कोणी मानत नाही. फॅन लोक ट्रान्सफरचे आकडे पाठ करतात, तुमच्या मॅनेजरनं इतके उडवले अन् आमच्यानं इतके वाचवले, पण अर्थशास्त्रवाल्यांनी वर्षानुवर्षांचे हिशेब तपासून दाखवलंय की टेबलमधली जागा जास्त करून पगाराच्या बिलासोबत चालते. ज्याचं पगाराचं बिल चौथं तो चौथा आला तर त्यानं आपलं काम केलं, बस. ग्वार्डिओलाचं नाव काढलं की लगेच सिटीवरचे ११५ आरोप येतात, पैशाचे नियम मोडल्याचे, लीगनं २०२३ मध्ये ठेवलेले, क्लब ते नाकारतो. पण त्या आरोपांनी त्याची ट्रेनिंग कमी भारी होत नाही, अन् त्याच्या ट्रेनिंगनं ते आरोप मिटत नाहीत, दोन वेगळ्या फायली आहेत त्या, टपरीवर एकत्र बांधू नका.

आणि ते फर्गसनला वेळ दिला होता, हे वाक्य कृपा करून बंद करा. वेळ दिला होता हे खरंच आहे, १९८६ ला आला, १९८९ च्या डिसेंबरात स्टँडमध्ये त्याला टाटा करणारा बॅनर लागला, १९९० ला एफए कप अन् लीग थेट १९९३ ला. पण वेळ मिळून फर्गसन झालेला एक आपल्याला आठवतो, वेळ मिळूनही बुडालेले कोण लक्षात ठेवतं? फर्गसनच्या जागी आलेल्या मॉयेसला सहा वर्षांचा करार दिला होता, दहा महिन्यांत काढला, अन् मला नाही वाटत की उरलेली पाच वर्षं दिली असती तर युनायटेडचं काही वेगळं झालं असतं. ज्याला त्याला फर्गसनचं उदाहरण लावणं म्हणजे तुलनाच नाही ती, नुसती आशा आहे.

हो, बोला. मागचा पिवळा शर्ट. पोस्टेकोग्लू पास का नापास? भारी विचारलं. म्हणजे ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, टॉटनमचा मॅनेजर, २०२४-२५, दुसऱ्या वर्षी मी नेहमी काहीतरी जिंकतो असं हा गडी सीझनच्या सुरुवातीलाच बोलून बसला होता. लीगमध्ये २२ मॅच हरला, १७ वा आला, अन् २१ मे ला बिलबाओत युनायटेडला १-० हरवून युरोपा लीग जिंकला, २००८ नंतरची क्लबची पहिली ट्रॉफी. सोळा दिवसांनी काढला. आता त्याच्या शेजारी टॉटनमचाच आधीचा मॅनेजर पोचेटिनो ठेवा, ८६ पॉइंट घेऊन दुसरा आलेला, २०१९ ला चॅम्पियन्स लीगच्या फायनलला नेलेला, कप शून्य, त्यालाही काढला. एकाला कप नाही म्हणून टोमणे, दुसऱ्याला कप आणून सुद्धा घरचा रस्ता. मला विचाराल तर २२ मॅच हरणारा मॅनेजर मीही ठेवला नसता, अन् पोचेटिनोला अजून दोन वर्षं दिली असती. पण बिलबाओच्या रात्री जो टॉटनमवाला स्टेडियममध्ये होता त्याला हे सांगून बघा, तो काही पगाराचं बिल घेऊन बसलेला नाही. बरं, आता आर्सेनलवाले, चला, हात वर करा.