पुस्तक मिटल्यानंतर

एखादे प्रकरण तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटू लागते आणि त्या ओळखीलाच आपण पाठांतर समजून बसतो. परीक्षेत मात्र ओळ समोर नसते, नुसता प्रश्न असतो. ओळखणे आणि आठवणे या क्रियाच वेगळ्या आहेत. पहिलीचा सराव कितीही केला, तरी दुसरी त्यातून आपोआप साधत नाही.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हा फरक मोजून दाखवला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर इतरांनी तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर सांगता आला आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. आदल्या रात्रीच्या घोकंपट्टीवर अनेकांचा विश्वास बसतो, तो बहुधा त्या पहिल्या पाच मिनिटांमुळे.

म्हणून वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे आणि मगच पुस्तक उघडून काय सुटले ते पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे, शिवाय आपल्याला किती कमी येते हे लगेच उघडे पडते; लोक ते टाळतात यात नवल नाही.

ही उजळणी केव्हा करावी, याचा धागा जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांच्या १८८५ च्या ग्रंथात सापडतो. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतःच पाठ करून, त्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्यांनी मोजले. तासाभरानंतर ही बचत सुमारे ४४ टक्के होती, एका दिवसानंतर साधारण ३४ आणि महिन्यानंतर २१. विसरण्याची मोठी घसरण पहिल्या काही तासांतच होते आणि पुढे उतार मंदावतो. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करून पुढचे अंतर वाढवत नेणे, हे एकाच बैठकीतल्या दहा आवर्तनांपेक्षा फायद्याचे ठरते.

उरतात याद्या आणि आकडे, ज्यांना स्वतःचा अर्थ नसतो. तिथे अर्थ बाहेरून जोडावा लागतो. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धावण्याचा छंद असलेल्या एका विद्यार्थ्याला ऐकलेले अंक क्रमाने सांगायचे होते. सुरुवातीला त्याला सातच जमत. मग तीन-चार अंकांचा गट करून तो त्याला शर्यतीतली वेळ मानू लागला आणि दोनशेहून अधिक तासांच्या सरावानंतर ७९ अंकांपर्यंत पोहोचला. एवढ्याने त्याची स्मरणशक्ती वाढली, असे कोणालाही वाटेल. संशोधकांनी अंकांऐवजी अक्षरे ऐकवली, तेव्हा तो पुन्हा सहाच्या आसपासच अडखळला.