जुन्या गाडीची रिम वाकली? गॅसची टॉर्च बाजूला ठेवा

नमस्कार मंडळी, बडोद्याहून.

(चाक कॅमेऱ्यासमोर)

हे १९३० सालच्या फोर्ड मॉडेल ए गाडीचं चाक. एकोणीस इंची, तारेच्या आऱ्यांचं. इथे कडेला बघा, चांगली चार बोटं जागा आत दबलीय. हवा कमी होती आणि चाक खड्ड्यात आपटलं. अशी रिम घेऊन गेलात की पहिला सल्ला ठरलेला असतो: टॉर्च मारा, लाल करा, दोन घाव घाला, सरळ. कृपा करून हे करू देऊ नका.

कारण सांगतो. तापलेल्या भागाला फुगायचं असतं, पण आजूबाजूचं थंड लोखंड त्याला जागा देत नाही. मग तो जागच्या जागी दबतो आणि थंड होताना आकसून बाजूची रिम स्वतःकडे ओढतो. म्हणजे इथला वाक गेला आणि पलीकडे नवा आला. लाकडी आऱ्यांचं चाक असेल तर लाकूडच करपतं. आणि टायर चढवलेल्या रिमवर टॉर्च किंवा वेल्डिंग तर कधीच नाही. आतली हवा तापून टायर फुटतो, त्यात माणसं मेली आहेत.

आधी चाक ओळखा. बऱ्याच इंग्लिश गाड्यांत आऱ्यांच्या टोकाला निपल, म्हणजे छोटे नट असतात, त्यांनी आऱ्या आवळता-सैल करता येतात. मॉडेल एच्या आऱ्या दोन्ही टोकांना वेल्ड केलेल्या आहेत, त्यांना आवळण्याची सोयच नाही. निपलवालं चाक असलं तरी आऱ्या ओढून रिमचा वाक काढू नका. वाक आधी, आऱ्या नंतर.

आता टायर, ट्यूब, फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) सगळं काढा. मार लागलेल्या जागेचा रंग केमिकलने उतरवा, ग्राइंडर लावू नका, पत्रा पातळ होतो. आणि आपल्याकडे एक गोष्ट जास्त बघावी लागते. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी कुठे कुठे शिरलं ते तुम्हाला सांगायला नको. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीची रिम बाहेरून छान दिसते, पण टायर जिथे बसतो त्या बैठकीला आतून गंज धरलेला असतो. कॅलिपरने जाडी मोजा, चांगल्या जागेची आणि गंजलेल्या जागेची. पत्रा पातळ झाला असेल तर ती रिम दाबताना तडकेल.

तडा डोळ्याला दिसेलच असं नाही. लाल डायचा स्प्रे मिळतो. तो मारा, मुरू द्या, पुसा, वर पांढरा डेव्हलपर मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. व्हॉल्व्हचं भोक आणि आऱ्यांची मुळं नीट बघा. बैठकीवर तडा निघाला तर मी ती रिम रस्त्यावर लावत नाही, कितीही दुर्मिळ असो.

(हबवर फिरणारं चाक)

रिम तिच्याच हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर चढवा, बेरिंग चांगलं असलेल्या. नाहीतर दोष बेरिंगचा आणि मार रिमला. डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणारं माप, बैठकीवर टेकवा, रिमच्या बाहेरच्या ओठावर, म्हणजे कडेवर नको, तो ठिकठिकाणी चेपलेला असतो. चाक हळू फिरवा. डावी-उजवी वळवळ वेगळी मोजा, वरखाली उडी वेगळी. खडूने खुणा करा.

मग दाब. शिसवीचा ठोकळा रिमच्या आतल्या घडणीप्रमाणे कोरून घ्या, मजबूत फ्रेममध्ये बॉटल जॅक लावा आणि थंड लोखंडच दाबा. सुरुवात खड्ड्याच्या मधोमध करायची नाही. दोन्ही टोकांकडून आत या, सर्वांत खोल जागा शेवटी. जॅक सोडला की लोखंड थोडं मागे येतं, म्हणून सरळ रेषेच्या किंचित पुढे न्यावं लागतं. किती पुढे, हे ती रिमच सांगते. थोडं दाबा, सोडा, मोजा. पुन्हा थोडं. ओठाला मागून जड डॉली, म्हणजे टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा, धरा आणि लाकडी हातोड्याने हलके ठोके द्या. याला अख्खा दिवस गेला तरी जाऊ द्या. मी दोन्ही मापं दीड मिलिमीटरच्या आत आणतो.

एक सांगायलाच हवं. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात प्रदर्शनाला गाडी उभी करायची म्हणून काही जण खळग्यात लांबी (पुट्टी) भरून वर रंग देतात. तसं करू नका. ती गाडी उद्या दुसऱ्याच्या हातात जाते, तो ती चालवतो, आणि रंगाखाली काय आहे हे त्याला ठाऊकच नसतं. बॅलन्सिंगची वजनं लावूनही वाकडेपणा जात नाही, फक्त हादरा थोडा कमी जाणवतो.

रिम सरळ झाली की पुन्हा एकदा लाल डाय मारा, दाबताना नवा तडा गेला असेल तर आत्ताच दिसेल. मग प्रायमर, रंग, आणि रंग पूर्ण वाळल्यावरच फ्लॅप, ट्यूब, टायर. चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा थोडी थोडी भरा. टायरची कड दोन्ही बाजूंना सारखी बसली का ते पाहा. थोडं अंतर चालवून आणल्यावर नट पुन्हा आवळा आणि डायल गेज परत लावा. माप बदललं असेल तर गाडी पुन्हा रस्त्यावर काढू नका, चाक उतरवा.