आवाजावरून ओळखायची गाडी

श्रोतेहो, नमस्कार. ‘जुन्या मोटारींवर बोला’ असा निरोप आला, तेव्हा मला आधी हसूच आलं. रेडिओवर मोटार दाखवायची कशी? मग वाटलं, त्या गाड्या आम्ही बघत कमी होतो, ऐकतच जास्त होतो.

१९७८ सालची गोष्ट. सोलापुरातल्या आमच्या गल्लीत मोटारी दोनच होत्या. एक डॉक्टरांची आणि दुसरी आमची, सेकंडहँड. आमचीचं नाव सांगत नाही. गेलेल्या माणसाच्या खोड्या नावानिशी सांगू नयेत, तसंच हे. पहाटे मिलचा भोंगा व्हायचा, नंतर थोड्या वेळानं वडील चोक ओढून सेल्फ मारायचे. पहिल्या घर्र-घर्रवरच शेजारच्या काकू खिडकीतून निकाल द्यायच्या, “आज ढकलावी लागणार बघा.” त्यांचा अंदाज सहसा चुकायचा नाही. बॅटरी उतरली की सेल्फचा आवाज आजारी माणसासारखा लांबत जातो, हे काकूंना कळत होतं. काकू आयुष्यात कधी स्टिअरिंगला बसल्या नव्हत्या.

मग आम्ही पोरं मागे. “ढकला बे!” वडिलांनी किल्ली फिरवून, क्लच दाबून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातलेली असायची. पहिल्यात घातली तर क्लच सोडताच गाडी हिसका देऊन थांबते, म्हणून दुसरा. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असायचा. गाडीनं वेग धरला की “सोडा क्लच!” हे ओरडायचा मान सगळ्यात मोठ्या पोराचा. एक धक्का, एक खोकला, निळसर धूर, आणि गाडी आम्हाला तिथंच सोडून पुढे. परत फिरून वडील आम्हाला चौकापर्यंत नेत. समोरची सीट सलग असल्यानं तिथंही तिघं-चौघं मावत.

उन्हाळ्यात गाडीची वेगळीच तऱ्हा. सोलापूरचा मे महिना तुम्हाला मी काय सांगणार? तुळजापूरला निघालो की डिकीत पाण्यानं भरलेला पत्र्याचा डबा आणि जुन्या धोतराची फडकी. घाट चढताना इंजिन तापायचं, गाडी आचके द्यायची आणि गप्प बसायची. वडील म्हणायचे, “एअर धरली.” खरं तर उष्णतेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. पंप इंजिनालाच जोडलेला, त्याला पातळ पेट्रोल ओढता येतं, वाफ नाही. मग बोनेट उघडायचं, ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं आणि सावलीत बसून शेंगाची चटणी-भाकरी खायची. भाकरी संपेपर्यंत पंप निवायचा. दोष गाडीचा म्हणावा तर तिच्यावर अन्याय होईल. ऊनच तसं होतं.

मोटारीचा विषय निघाला की सोलापूरकरानं एक नाव घ्यायलाच हवं. शेठ वालचंद हिराचंद १८८२ साली याच गावात जन्मले. ठेकेदारीची त्यांची सुरुवात आपल्याच बार्शी लाइट रेल्वेच्या कामातून झाली. पुढे जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही इथंच बनलं पाहिजे, हा हट्ट त्यांनी इंग्रजांच्या राज्यात धरला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली, मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. १९५३ साली शेठ गेले. याच कारखान्यात बनणाऱ्या फियाट अकराशेला पद्मिनी हे नाव १९७४ साली मिळालं, तेव्हा ते ऐकायला शेठ नव्हते. तिचं इंजिन १०८९ सीसीचं. मुंबईच्या रस्त्यावरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये गेली, त्या दिवशी इथं बसून मलाच उगाच सुतक आल्यासारखं वाटलं.

पण तेव्हा सगळं छान होतं असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पैसे भरून गाडीसाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. पट्टे नव्हते, एसी नव्हता, दाराची तिकोनी काच वळवून वारा तोंडावर घ्यायचा. तोही गरमच! आज माझी गाडी बटणावर चालू होते आणि मला ते आवडतं.

फक्त कान रिकामे झालेत.

विजापूर वेशीजवळ आमचे जुने मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना मामू म्हणतात. पूर्वी ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला, आणि डोळे मिटून सांगायचे कुठलं टॅपेट वाजतंय ते. आता गॅरेज मुलगा चालवतो, मामू बाहेर खुर्चीत असतात. मागच्या आठवड्यात मी गाडी घेऊन गेलो. मुलानं मशीन जोडलं, पडद्यावर एकही बिघाड दिसला नाही. मी निघालो तसा मामूंनी हात वर केला.

“मागचं डावं चाक. बेअरिंग गुणगुणतंय.”

मुलगा हसला, मीही हसलो. चौकापर्यंत आलो, काच खाली केली, एफएम बंद केला. थोडं अंतर तसाच गेलो. मग गाडी वळवून परत गॅरेजवर आणली. बेअरिंग गुरुवारी बदलणार आहेत.