मावशीचे घड्याळ आणि लास वेगासचा बुफे

नमस्कार, श्रोतेहो. जुगाराच्या गावी सुट्टीला जाऊन खाणे आणि करमणूक बेतात कशी बसवावी, या विषयावर आज मला बोलायचे आहे. मी बँकेत एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, आणि दिवाळीतल्या तीन पत्त्यांपलीकडे कधी जुगार खेळले नाही. तरीही हा विषय मी स्वतःहून मागून घेतला, कारण मला तुम्हांला इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या मावशीची एक हकीकत सांगायची आहे. ती मी घरी इतक्यांदा सांगितली आहे की माझे यजमान आता ती सुरू होताच उठून गॅलरीत जातात.

आधी थोडे प्रास्ताविक करते. आपल्या इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, मावाबाटी आणि थंडीच्या दिवसांत गराडू मांडले जातात. पैसा तिजोरीत जाऊन निजतो आणि त्यानंतर खाणे सुरू होते. (आता तिथे नूडल्सचे धूर निघतात, त्याबद्दल मला जे वाटते ते आकाशवाणीवर बोलता येणार नाही.) लास वेगासमध्ये हा क्रम उलटा आहे. तिथे खाणे आधी मांडले गेले, ते पैसा तिजोरीबाहेर यावा म्हणून. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगाराला कायद्याची मान्यता दिली, १९४१ मध्ये ज्या रस्त्याला आज स्ट्रिप म्हणतात त्यावर एल रांचो वेगास हे पहिले कॅसिनो-हॉटेल उभे राहिले, आणि त्याच दशकात तिथे साधारण एका डॉलरमध्ये पोटभर खाण्याचा बुफे सुरू झाला. जेवणात हॉटेलला तोटा होता आणि तो जुगाराच्या टेबलावर भरून निघत होता, कारण जो गिऱ्हाईक जेवायला बाहेर जात नाही तो खेळायला आतच राहतो.

हे मुद्दाम सांगते, कारण ‘वेगासमध्ये खाणे स्वस्त’ अशी जी ख्याती आपल्या कानांवर आहे ती त्या काळातली आहे. २०२० च्या साथीत बुफे बंद झाले, त्यांतले बरेचसे पुन्हा उघडलेच नाहीत, आणि जे मोठे उरले आहेत तिथे रात्रीच्या जेवणाला माणशी साठ, सत्तर, कधी त्याहूनही अधिक डॉलर मोजावे लागतात. त्यावर ८.३७५ टक्के विक्रीकर लागतो आणि वर टिप द्यावी लागते. खोलीच्या भाड्यावर रिसॉर्ट फी नावाची वेगळी रक्कम असते. मे २०२५ पासून ती जाहिरातीतल्या भाड्यातच मिळवून दाखवावी असा तिकडचा नियम झाला आहे, पण द्यायची ती द्यावीच लागते. शिवाय बऱ्याच हॉटेलांत गाडी उभी करण्याचेही पैसे पडतात. पुन्हा सांगते, पाटीवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि बेत आखायचा तो बिलावरच्या आकड्यावर.

आता मावशी. माझी मावशी त्या वेळी शहात्तर वर्षांची होती. माझा मुलगा फीनिक्सला असतो, आणि तिथून लास वेगास मोटारीने पाचेक तासांवर आहे. आम्ही मावशीला घेऊन त्याच्याकडे गेलो आणि तिथून वेगासला. ऑक्टोबर महिना होता. इंदूरहून निघताना मावशीने जाहीर केले होते की, ‘मी माझे घड्याळ फिरवणार नाही. ते इंदूरचेच राहील.’ आम्ही हसलो. पण श्रोतेहो, हिशेब पाहा. ऑक्टोबरात इंदूर लास वेगासच्या साडेबारा तास पुढे असते. त्यातले बारा तास काट्यांच्या घड्याळात दिसतच नाहीत. राहतो तो अर्धा तास. म्हणजे मावशीच्या मनगटावर साडेसहा वाजले असतील तर वेगासमध्ये सहा. घड्याळ न फिरवताही तिचे काही अडत नव्हते. फक्त तिकडे संध्याकाळ असली की तिच्या लेखी सकाळ असे.

आम्ही पोहोचलो त्या रात्री आठच्या सुमारास मुलगा म्हणाला, ‘मावशीआजी, काहीतरी खाऊन घेऊ.’ मावशीने घड्याळ पाहिले आणि सांगितले की इंदूरला सकाळचे साडेआठ झाले आहेत आणि आज एकादशी आहे. मुलाने फोनमधले पंचांग दाखवून एकादशी उद्या असल्याचे पटवण्याचा प्रयत्न केला. मावशीने त्याला शांतपणे विचारले, ‘तुझ्या फोनला रामबागेतला सूर्य दिसतो का?’ मग तिने पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला. खोलीतला छोटा फ्रिज उघडून ती आपल्या दह्याची वाटी आत ठेवणार, तेवढ्यात मुलाने तिचा हात धरला, कारण असल्या फ्रिजमधली बाटली नुसती उचलली तरी ती बिलात चढते. मावशीला हे खरे वाटेना. ‘हात लावला म्हणून पैसे? मग हा फ्रिज कसला, ही तर सावकाराची पेढी.’

दुसऱ्या दिवशी मुलाने बुफेचा पक्का बेत आखला होता. पुष्कळ बुफेंमध्ये दुपारचा दर आणि रात्रीचा दर वेगळे असतात. दर बदलण्याच्या थोडे आधी आत शिरले की दुपारच्या पैशांत रात्रीचेही पदार्थ पानात येतात. आमच्या बुफेत दर चार वाजता बदलत होता आणि माणशी चौदा डॉलरांचा फरक पडत होता. चौघांचे छप्पन्न डॉलर वाचणार होते. साडेतीनला आम्ही रांगेत उभे राहिलो, आणि तिथे मावशीने सांगितले की इंदूरला अजून पहाटेचे चार वाजले आहेत, सूर्य उगवायला अवकाश आहे, आणि द्वादशीचा सूर्य उगवल्याशिवाय ती पारणे सोडणार नाही. ‘तुम्ही जेवा. मी बसते इथे.’ आता शहात्तर वर्षांची बाई उपाशीपोटी बाहेर बसली असताना आत जाऊन कोणाच्या घशाखाली घास उतरणार होता? मी मनात छप्पन्न डॉलरांची नोंद खर्चाच्या बाजूला केली आणि आम्ही रांगेतून बाहेर पडलो.

अडीच तास काढायचे होते. इथेच घात झाला. कॅसिनोच्या दालनात भिंतीवर घड्याळ नसते आणि बाहेरचा उजेड दिसेल अशी खिडकी नसते, हे आपण ऐकलेले असते. पण ऐकणे वेगळे आणि त्यात बसणे वेगळे. माझे यजमान ‘नुसता वेळ घालवतो’ असे म्हणून एका स्लॉट मशीनपुढे बसले. खेळणाऱ्याला तिथे पेय फुकट मिळते आणि आणून देणाऱ्या मुलीच्या हातावर एखादा डॉलर टिप ठेवायची असते, त्यामुळे त्यांच्यापुढे संत्र्याचा रस येत राहिला आणि ते फुकटच्या आनंदात खेळत राहिले. चाळीस डॉलरांची मर्यादा आम्ही सकाळीच ठरवली होती. मी बागेसारखे सजवलेले एक दालन पाहून परत आले, तोवर पुष्कळ वेळ गेला होता. यजमानांना मात्र आपण पंधरा मिनिटेच बसलो आहोत असे वाटत होते. चाळीस केव्हाच संपले होते आणि वीसची नवी नोट त्यांच्या दोन बोटांत होती.

मी काही बोलण्याआधी मावशी तिथे पोहोचली. एवढ्या मोठ्या, लखलखत्या, घंटा वाजणाऱ्या दालनात आम्ही पाहिलेले एकच घड्याळ तिच्या मनगटावर होते, आणि तेही इंदूरचे. तिने यजमानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहाटे घरातल्या माणसांना उठवतात त्या सुरात म्हणाली, ‘जावईबापू, सहा वाजून गेले. उठा आता.’ आणि श्रोतेहो, ते उठले. झोपेतून उठल्यासारखे उठले, नोट खिशात घातली आणि विचारले, ‘चहा झाला का?’

सहाला, म्हणजे इंदूरच्या साडेसहाला, आम्ही आत गेलो. मावशीने आधी साधा भात घेतला, त्यावर दही घेतले, आणि एका कोपऱ्यात भारतीय पदार्थांची मांडणी होती तिथून डाळ घेतली. शाकाहारी मंडळींना एक गोष्ट सांगते: तिकडे घेवड्यासारख्या दाण्यांच्या उसळीतही कधी चरबी असते, म्हणून विचारून घ्यावे, लाजू नये. बाकी अडीचशे पदार्थ असोत की पाचशे, पोटाचे माप ठरलेले आहे. मावशीचे पान पाहून मुलगा हळहळला की सत्तर डॉलरांत आजीने दहीभात खाल्ला. मावशीने ते ऐकले. मग ती उठली आणि फळांच्या टेबलावरून तीन वेळा ताट भरून अननस, कलिंगड आणि स्ट्रॉबेरी घेऊन आली, आणि आमच्या सर्वांच्या देखत ती सगळी संपवली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला भूक लागली नाही, म्हणजे एका जेवणाच्या पैशांत दीड दिवस निघाला. बुफे परवडतो तो असाच. दिवसाला एकच जेवण बुफेचे, आणि बाकीची भूक खोलीतल्या चिवड्यावर आणि बाहेरच्या औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या दूध-केळ्यांवर भागवायची. पुन्हा सांगते, दिवसाला एकच बुफे.

करमणुकीबद्दल मला थोडेच सांगायचे आहे, कारण आपण इंदूरची माणसे आहोत. अनंत चतुर्दशीला रात्रभर जागून गिरण्यांच्या झांक्या पाहणाऱ्यांना फुकटची रोषणाई कशी पाहावी हे कोणी शिकवायला नको. बेलाजिओ हॉटेलपुढच्या सुमारे आठ एकरांच्या तळ्यात १९९८ पासून संगीतावर कारंजी नाचतात. रात्री दर पंधरा मिनिटांनी खेळ होतो आणि रस्त्यावरच्या कठड्याशी उभे राहून तो फुकट दिसतो. त्याच हॉटेलातले ऋतूप्रमाणे बदलणारे फुलांचे दालन, जे मी त्या दुपारी पाहिले, तेही फुकट आहे. फ्लेमिंगो हॉटेलच्या आवारात खरेखुरे रोहित पक्षी आहेत. सर्कस सर्कस या १९६८ साली सुरू झालेल्या कॅसिनोत कसरतीचे खेळ तिकिटाविना पाहता येतात. जुन्या शहरातल्या फ्रीमाँट स्ट्रीटवर १९९५ मध्ये रस्त्यावर प्रचंड कमान घातली गेली आणि रात्री त्या छतावर चित्रांचा खेळ चालतो. मिराज हॉटेलपुढचा ज्वालामुखी मात्र कोणी सांगितला तर शोधत फिरू नका, तो २०२४ मध्ये बंद झाला. मोठ्या नाट्यप्रयोगांची तिकिटे त्याच दिवशी कमी दरात विकणाऱ्या खिडक्या स्ट्रिपवर आहेत, पण तिथे आसन आपल्या आवडीचे मिळत नाही.

अंतराने फसू नका. स्ट्रिप सुमारे पावणेसात किलोमीटर लांब आहे, आणि समोर दिसणारे हॉटेल गाठायला अर्धा तास लागतो. तिथे ड्यूस नावाची दुमजली बस चोवीस तास धावते, तिचा दिवसाचा पास काढावा, आणि काही हॉटेलांना जोडणारी छोटी ट्राम तर फुकटच आहे. आम्ही त्या रात्री बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्याच बाकावर बसून दोन फेऱ्या केल्या. खाली सगळे शहर पेटल्यासारखे दिसत होते. मावशी घड्याळाकडे पाहून म्हणाली, ‘दहा वाजले. आता पोह्यांच्या गाडीवर जीरावन मसालाही उरला नसेल.’

परतीच्या प्रवासात दिल्लीच्या विमानतळावर आम्ही तिघांनी आपापली घड्याळे काढून काटे फिरवले, म्हणजे मी, यजमान आणि आमच्याबरोबर दिवाळीला आलेला मुलगा. मावशी तोवर सामानाच्या पट्ट्याशी पोहोचली होती आणि आमच्या बॅगा उतरवून घ्यायला तिने दोन माणसे उभीही केली होती.

नमस्कार.